कसब्यातील वाडा आणि त्याची आळी

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. आदिलशाही सैन्याने १६३० च्या सुमारास जाळून उजाड केलेले पुणे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली पुन्हा वसले, ते इथूनच. लाल महाल उभा राहिला आणि कसबा गणपती गावाचे ग्रामदैवत झाला. पेठेला शेजारच्या शनिवारवाड्याचे महत्त्व लाभले ते नंतर. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला आणि सरदार, कारकून व कारागीर यांची घरे त्याच्या आसपास दाटू लागली.

ऐपतदार कुटुंबाचे घर म्हणजे चौकाचा वाडा. दगडी जोते, वर विटामातीच्या जाड भिंती आणि सारा भार पेलणारा सागवानी सांगाडा. घराचे माप खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, सांगत. दिंडी दरवाजातून आत शिरले की देवडी, मग चौक आणि त्याच्या भोवती ओसरी. हिशेब, पंगती, पाहुण्यांची ऊठबस ओसरीवर होई. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर आतल्या बाजूला असे, आणि मागे परसात आड, मोरी व तुळशीवृंदावन. धान्य बळदात साठवत. उजेड आणि वारा चौकातून मिळत असल्याने रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या मोजक्याच ठेवत.

वाड्याला लागणाऱ्या पुष्कळ वस्तू हाकेच्या अंतरावर तयार होत. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची आळी इथेच वसली. बंब, घंगाळ, हंडे तिथे घडत. मठारकामात हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्याला मजबुती येई आणि झळाळीही. कुंभारवाड्यातून माठ आणि रांजण येत, तर कागदीपुऱ्यात हातकागद बनत असे.

पाण्याची मोठी सोय झाली ती नानासाहेब पेशव्यांच्या काळात. १७४९ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर बंद नळांतून शहरात आले. ते हौदांत साठे आणि लोक तिथून भरून नेत. फडके हौद आज चौकाच्या नावातच उरला आहे.

इंग्रजी अमलात नगरपालिका आली आणि १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पुढे नळ दारात आले, तसे आड आणि हौद मागे पडले. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने आळीला वर्षातून एकदा एकत्र येण्याचे निमित्त दिले. कसबा गणपती मानाचा पहिला ठरला.

वाड्यांचे रूप पालटले ते भाडेकरूंमुळे. वाढत्या शहरात एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहू लागले. मोरी आणि नळ सामाईक झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीलगतच्या भागातील मातीच्या भिंती पुराने खचल्या. पुढे अनेक वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. त्यांत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र नळ आणि न्हाणीघर मिळाले, पण चौक गेला.

मुजुमदार वाड्यासारखे थोडे वाडे टिकून आहेत. तांबट आळीत हातोडी अजून चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये पेठेचे भुयारी मेट्रो स्थानकही सुरू झाले.