परिचारिका, लोकवस्तीतील

रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर घरभेटी, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि बाळंतपणानंतरची देखरेख यांसाठी नेमलेली प्रशिक्षित नर्स. सरकारी कागदावर ती आरोग्य सेविका किंवा एएनएम, वस्तीत सिस्टर किंवा नर्सबाई. एकाच परिसरात आयुष्याची तीन दशके काढलेल्या अशा बाईंच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ देताना, किंवा पुढे त्यांच्या निधनानंतर लिहिताना, त्याग आणि ममता हे दोन शब्द हमखास येतात. ते खोटे नसतात, पण अपुरे असतात. अशा दीर्घ सेवेतून वस्तीत जो फरक पडतो तो मुख्यतः कसबातून पडतो: शिकलेल्या, रोज वापरलेल्या आणि वहीत नोंदलेल्या कौशल्यातून. आठवण ठेवायची तर त्या कसबाची ठेवावी, अशी या नोंदीची भूमिका आहे.

त्यागाची भाषा या व्यवसायाला का चिकटली याला इतिहास आहे. परक्याचे रक्त, मळ आणि ओला बिछाना हाताळणे हे काम आपल्याकडे जातीच्या उतरंडीत खाली ढकललेले होते. बाळंतपण सुईणीकडे, आणि सुईण घरात आली तरी शिवाशिवीच्या अलीकडे नाही. पाठ्यपुस्तकांत प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून काशीबाई गणपत यांचे नाव 1891 या सालासह येते, आणि नाव व साल यांपलीकडे बहुधा काही येत नाही. मुंबईत 1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था काढली. पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदनाचे काम सुरू केले आणि ससून रुग्णालयाच्या आधाराने परिचारिकांचे शिक्षण उभे केले. पांढरपेशा घरांतल्या विधवांना या कामाकडे वळवायचे तर त्याला पुण्यकर्माची प्रतिष्ठा देणे भाग होते. रमाबाईंच्या पिढीची ती मोठी हुशारी होती, असेच म्हणावे लागेल. अडचण पुढे झाली. कलंक बऱ्याच अंशी पुसला गेला, पण व्यवसायाला पुण्यकर्म मानण्याची सवय तशीच राहिली. आणि ज्याला पुण्यकर्म म्हणायचे त्याचे कौशल्य, वेळ आणि मोबदला मोजायला समाज नाखूश असतो.

मीरा-भाईंदरसारखे शहर या कसबाची कडक परीक्षा घेते. मिठागरे, भातशेती आणि उत्तनची मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांची 1985 साली नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. जनगणनेनुसार 2001 साली येथे 5,20,388 लोक होते, 2011 साली 8,09,378. आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 साली देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले होते. त्या प्रमाणाने या अख्ख्या शहराच्या वाट्याला एकोणीस जणी आल्या असत्या. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष साधारण 50,000 लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 10,000 लोकांमागे एक एएनएम असा आहे, म्हणजे 2011 च्याच लोकसंख्येला सुमारे ऐंशी. खेड्यातल्या उपकेंद्राचा निकष 5,000 चा, आदिवासी व डोंगरी भागात 3,000 चा. शहरात अंतर कमी म्हणून एका एएनएमकडे दुप्पट माणसे सोपवणे कागदावर सोयीचे दिसते. पण इथे अंतरापेक्षा पत्ता अवघड. भाड्याचे घर अकरा महिन्यांनी बदलते, बाळंतपणाला सून माहेरी जाते, सहाव्या आठवड्याचा डोस भाईंदरला घेतलेले बाळ दहाव्या आठवड्याला नालासोपाऱ्यात असते आणि चौदाव्याला गावी. माता-बाल संरक्षण कार्ड हरवले की त्या बाळाचा पूर्वेतिहास सिस्टरच्या रजिस्टरात आणि तिच्या डोक्यात एवढाच उरतो.

लसीकरण सत्राकडे बारकाईने पाहिले तर हे कसब दिसते. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, म्हणून कॅरिअरमधले बर्फाचे पॅक नीट भरावे लागतात. पण पेंटाव्हॅलंट लस गोठली तर निकामी, म्हणून ते पॅक आधी थोडे पाझरू द्यावे लागतात. पोलिओच्या बाटलीवरच्या वर्तुळातला चौकोन किती गडद झाला हे पाहून ती वापरायची की टाकायची ते ठरते. गोवर-रुबेलाची बाटली द्रावणात मिसळली की चार तासांनी फेकायची. समोर एकच बाळ असताना ती बाटली उघडावी का? उरलेले डोस वाया जातील म्हणून त्या आईला पुढच्या आठवड्यात बोलावले तर ती येईलच असे नाही. बाळ परत पाठवू नये असे प्रशिक्षणात सांगतात, साठ्याचा हिशोब मागणारे वेगळेच सांगतात. मधला मार्ग म्हणजे आशाताईंना आदल्या दिवशी दारोदार पाठवून नऊ महिन्यांची बाळे एकाच सकाळी जमवणे. हे ममतेने साधत नाही. कोणत्या चाळीत कोणते बाळ नऊ महिन्यांचे होत आले हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत व्हायला वर्षे जातात.

यावर एक आक्षेप असा की आरोग्य सुधारले ते लशीमुळे, डॉक्टरांमुळे, नळाच्या पाण्यामुळे, परिचारिका निरोप्यासारखी. पोलिओचा इतिहास याच्या उलट बोलतो. लस देशात अनेक वर्षे उपलब्ध होती, तरी 1995 साली पल्स पोलिओ सुरू करावा लागला. डाव्या करंगळीवर शाई, सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या दारावर खडूने ‘पी’, राहिलेल्यावर ‘एक्स’, आणि ‘एक्स’च्या घरी पुन्हा फेरी, या चिकाटीच्या कारकुनीनंतर शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लस तीच, बंद दारामागचे मूल शोधणारी यंत्रणा नवी होती. अर्थात तिच्यात अंगणवाडी सेविका आणि स्वयंसेवकही होते, सगळे श्रेय नर्सला देणे चूक ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कसब तर पगारी असते, मग कामाच्या तासांपलीकडे जाऊन केलेल्या सेवेला काय म्हणायचे? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांचे उदाहरण येथे निर्णायक वाटते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत जवळपास बेचाळीस वर्षे रुग्णालयातील परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला आणि शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दयामरणाची याचिका करणाऱ्या लेखिकेऐवजी या कर्मचाऱ्यांचा मानला. निष्ठा म्हणायची तर याहून मोठी कोणती? पण तिचा पुरावा म्हणून सगळे काय सांगतात, तर इतक्या वर्षांत शय्याव्रण जवळपास झाले नाहीत. शय्याव्रण भावनेने टळत नाहीत. ठरल्या वेळी कूस बदलणे, अंग पुसणे, चादरीची सुरकुती काढणे आणि पाळी बदलताना पुढच्या बाईला नेमके सांगणे, यांनी टळतात. निष्ठा तिथे वेळापत्रकाच्या रूपाने उतरली होती. आणखी एक गोष्ट विसरली जाते: 1973 च्या हल्ल्यानंतर याच परिचारिका शानबाग यांच्यासाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठी संपावर गेल्या होत्या. हक्क मागणाऱ्या बाईचे हात सेवेला कमी पडतात, हा समज त्यांनी चार दशके खोटा ठरवला.

सार्वजनिक स्मृतीला मात्र प्रसंग लागतो. कामा रुग्णालयातील अंजली कुलथे यांचे नाव लोकांना ठाऊक झाले ते 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीमुळे, वीस गरोदर स्त्रियांना त्यांनी सुरक्षित ठेवले म्हणून. तो मान योग्यच. पण लोकवस्तीतल्या सिस्टरच्या यशात प्रसंगच नसतो. धनुर्वात न झालेले बाळ, वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवलेली रक्तक्षयी गरोदर बाई, यांची बातमी होत नाही. त्यामुळे तिच्यावर लिहिताना जुनी लसीकरण रजिस्टरे, सेवापुस्तक, तिच्या कार्यक्षेत्रातले घरांचे नकाशे हीच खरी साधने, आणि महापालिकांच्या दप्तरात ती रद्दीत जाण्याआधी जपायला हवीत.

दीर्घ सेवा हीच आता दुर्मीळ होत चालली आहे. आरोग्य अभियानाखालच्या बहुतेक एएनएम कंत्राटी आहेत, नेमणूक वर्षाआतली, मध्ये खंड, मग नवा आदेश. कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यभरातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी 2023 साली मोठा संप केला. वस्ती ओळखायला जी वर्षे लागतात ती या पद्धतीत मिळण्याची खात्री नाही, आणि बाई बदलली की नऊ महिन्यांच्या बाळांची यादी पुढच्या बाईला पुन्हा पहिल्या घरापासून करावी लागते.