वाळूतलं कासव, देवळातलं कासव

आमच्या अकोले तालुक्यात जुन्या महादेवाच्या देवळात गेलात तर नंदीच्या पुढे दगडी कासव दिसतं. त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून मगच माणसं आत जातात. विष्णूचा दुसरा अवतार म्हणून कासवाला हा मान. कोकणातही तोच मान आहे. तरीही किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत, रात्री मादी अंडी घालून समुद्रात परतली की सकाळी तिच्या वाळूतल्या मागावरून चालत जाऊन घरटं उकरलं जाई. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. काही घरी खायला, बाकी विकायला. देवळातलं कासव आणि वाळूतलं कासव यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे असंच एक गाव. सावित्री नदीच्या मुखापाशी बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ च्या सुमारास इंग्रजांनी तो पेशव्यांकडून मिळवला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. तिथून थोडं दक्षिणेला वेळास. इतिहासाच्या पुस्तकात गावाचं नाव येतं ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. पेशवाईचा हिशेब ज्या घराण्याने सांभाळला त्याचं हे गाव. अडीचशे वर्षांनी त्याच गावात कासवांच्या अंड्यांचा हिशेब वहीत उतरायला लागला, ही गंमत मला फार आवडते.

ते सुरू झालं २००२ साली, आणि तेही दुसऱ्याच कामातून. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसं भाऊ काटदरे यांच्यासोबत पांढऱ्या पोटाच्या समुद्र-गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होती. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विणीला येणारं मुख्य समुद्री कासव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात या कासवाला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण. पण हे कायद्याचं पुस्तक वेळासच्या वाळूपर्यंत पोचलं नव्हतं.

मग जे झालं ते दिसायला अगदी साधं होतं. गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन पहाटे किनाऱ्यावर गस्त. घरटं सापडलं की काही तासांच्या आत अंडी न उलटवता, न हलवता उचलायची. भरतीच्या रेषेपासून दूर, जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची. तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी वाळू खचते आणि पिल्लं वर येतात. त्या सुमाराला खड्ड्यावर टोपली पालथी घालायची. कोल्हा, कुत्रा आणि माणूस, तिघांपासून एकाच कुंपणाने बचाव. वाळूचं तापमान ठरवतं की नर होणार की मादी: गार वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या. त्यामुळे खड्ड्याची जागा निवडणं ही काही नुसती सोय नाही.

आमच्या धंद्यात म्हणतात, प्रॉडक्ट बनवणं सोपं, ते वापरणारा माणूस मिळवणं अवघड. इथेही अवघड भाग पुढेच होता. अंडी गोळा करणाऱ्याला 'करू नको' सांगून एखादा हंगाम निघतो, दहा हंगाम निघत नाहीत. २००६ पासून 'कासव महोत्सव' सुरू झाला. नाव महोत्सव, पण मंडप नाही, लाउडस्पीकर नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलायच्या, पिल्लं निघाली असतील तर दोरीच्या पलीकडे उभ्या लोकांसमोर ती वाळूवर सोडायची. राहायला हॉटेल नाही. गावातल्या घरांत, पडवीत, जेवायला घरच्याच पंगतीत. पाहुण्याचा पैसा थेट त्या घरात. अंडी विकून जे मिळायचं त्यापेक्षा अंडी राखून जास्त मिळतं, हे घरातल्या बाईला हिशेबाने कळलं, तेव्हा गस्तीला माणसं मिळायला लागली. हे मला उपदेशापेक्षा फार मोठं काम वाटतं.

समुद्रावर सुट्टीला जाणं हीच मुळात आपल्याकडे उशिरा आलेली गोष्ट. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्रस्नान हे औषध म्हणून सांगितलं आणि ब्रायटनसारखी मासेमारीची गावं हवापालटाची ठिकाणं झाली. आपल्याकडे समुद्र म्हणजे मासे, मीठ, गलबत, नाहीतर तीर्थ. मे महिन्यात चाकरमानी कोकणात जायचा तो घरी, समुद्र बघायला नव्हे. घाटावरच्या माणसाला तर समुद्राचं कामच नव्हतं. घाटघरच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली शहापूरचा पट्टा दिसतो, समुद्र दिसत नाही. कड्यावर पडलेलं आमचं पाणी प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जातं. आम्ही पाठ फिरवून बसलेली माणसं.

कासवांना मात्र दोन्ही समुद्र चालतात, असं आता दिसतं आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवला. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिला प्रयोग, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर धातूची पट्टी सापडली. ती २०२१ साली ओडिशात लावलेली होती. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही सोयीची वाटणी तिने एका फेरीत मोडली.

मी तीन वर्षं पुण्याहून वेळासला जातो आहे. ऑफिसचे लोकही येतात. पिल्लं तळहाताएवढीही नसतात, निम्म्या वाटेत थांबतात, लाटेने परत फेकली जातात. एका संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. कासवमित्राने शांतपणे सांगितलं, "आज नाही. उद्या बघू." आमच्यातला एकजण पैशांचं विचारू लागला. कासवमित्र हसला आणि निघून गेला. हे 'आज नाही' सांगता येणं गावाच्या हातात आहे, म्हणून तिथे गोष्टी टिकून आहेत. मार्च २०२० च्या लॉकडाऊनने ऐन हंगाम गेला, ३ जूनला 'निसर्ग' वादळ शेजारच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं आणि या सगळ्या पट्ट्यातल्या बागा झोपवून गेलं. तरी पुढे गस्त झाली.

हे मी लिहितोय ते आमच्याकडच्या काजव्यांमुळे. भंडारदऱ्याला धरण १९२६ मध्ये पुरं झालं, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. म्हणजे वेळासच्या उलट, आमच्याकडे आधी सरकारी कागद आला, मग पर्यटक आले, गावाला शेवटी विचारलं. मेच्या शेवटी हिरडा, बेहडा, सादडा उजळतात आणि गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, गवतात पाय. मादी काजवा गवतातच असते. कासवाचं पिल्लूही उजेडाकडे बघून वाट ठरवतं आणि काजवा तर उजेडानेच जोडीदार शोधतो. दोघांनाही आपला दिवा नडतो.

माझा एक मावसभाऊ शेंडीजवळ तंबू लावतो. मी त्याला वेळासचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुमच्या कासवाला कुंपण घालता येतं. काजव्याला टोपली कुठं घालू?" मग थोड्या वेळाने म्हणाला, की दोन वर्षांपासून त्याने तंबूंजवळचा हॅलोजन काढून टाकला आहे आणि गाड्या डांबरी रस्त्यावरच थांबवून माणसं पायी आणतो. शेजारच्या तंबूवाल्याचा हॅलोजन मात्र अजून चालू आहे, आणि त्याचं बुकिंग याच्यापेक्षा जास्त असतं.