प्रकाशाचा वेश : इजिप्तच्या वाळवंटातील मोह, भ्रम आणि विवेक

१/ चौथ्या शतकातील इजिप्त. वाळवंटात राहणाऱ्या वालेन्स नावाच्या संन्याशाला एका रात्री दृष्टान्त झाला. मशाली घेतलेले हजार देवदूत, अग्नीचे चक्र आणि त्यात साक्षात ख्रिस्त! वालेन्सने त्याच्यासमोर लोटांगण घातले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सर्वांसमक्ष तो म्हणाला, की आता आपल्याला प्रभुभोजनाची गरज नाही. आपण ख्रिस्तालाच पाहिले आहे.

२/ ज्येष्ठ संन्याशांनी त्याचा जयजयकार केला नाही. त्यांनी त्याला बेड्या घातल्या आणि वर्षभर स्वतःच्या देखरेखीखाली ठेवून बरे केले. पॅलाडियसने इ. स. ४२० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लाउसियाक इतिहास’ या ग्रंथात ही हकिकत येते. पण समोर दिसलेला ख्रिस्त खोटा आहे, हे त्या वडीलधाऱ्यांनी कशावरून ओळखले?

३/ उत्तर दृष्टान्तात नव्हते, वालेन्सच्या वागण्यात होते. एकदा अंधारात शिवताना त्याची सुई हरवली. अचानक प्रकाश पडला आणि ती सापडली. आपल्यावर देवाची विशेष कृपा आहे, असे त्याला वाटू लागले. पुढे मकारियस या धर्मगुरूंनी सर्व बांधवांना खाऊ पाठवला, तेव्हा तो घेऊन आलेल्या माणसाचाच वालेन्सने अपमान केला. मकारियसांना जे कळायचे ते तिथेच कळले. त्यांनी समजावले, त्याने ऐकले नाही.

४/ या प्रश्नाचे मूळ बायबलमध्ये आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू अरण्यात ४० दिवस उपवास करतो आणि सैतान तीनदा त्याची परीक्षा पाहतो. त्यातल्या एका प्रसंगी सैतान चक्क स्तोत्र ९१ चा आधार देतो. येशू तिन्ही वेळा अनुवाद या ग्रंथातील वचनांनी उत्तर देतो. म्हणजे पवित्र वचन दोन्ही बाजूंच्या तोंडी आहे. सैतान तेजस्वी देवदूताचे सोंग घेतो, असा इशारा पौलानेही करिंथकरांना दिला होता.

५/ इ. स. २७० च्या सुमारास अंतोनी या इजिप्शियन तरुणाने जमीनजुमला सोडून वैराग्य पत्करले. इ. स. ३५६ मध्ये तो वारला आणि लवकरच अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने त्याचे चरित्र लिहिले. त्यातील पहिले मोह अक्राळविक्राळ नाहीत. सोडलेल्या मालमत्तेची आठवण, धाकट्या बहिणीची काळजी, चवीच्या जेवणाची ओढ. मोह इथे कर्तव्याच्या भाषेत बोलतो.

६/ याच चरित्रात आणखी सूक्ष्म निरीक्षण आहे. दुष्ट आत्मे कधी संन्याशाच्या रूपात येतात, झोपेतून उठवून प्रार्थनेला बसवतात, उपवास वाढवायला सांगतात. हेतू एकच: माणूस थकावा, कंटाळावा आणि सारेच सोडून द्यावे. चांगल्या गोष्टीचा अतिरेक हाही सापळा ठरू शकतो, ही जाण त्या पिढीला होती.

७/ मग कसोटी कोणती? अंतोनीच्या तोंडी अथनासियसने ती घातली आहे. दर्शन झाले की आधी विचारावे, तू कोण आणि कुठून आलास? नंतर मनाकडे पाहावे. पवित्र दर्शनाने प्रथम भीती वाटली तरी ती विरते आणि शांती, आनंद व धैर्य उरते. फसव्या दर्शनामागे मात्र गोंधळ, खिन्नता आणि जुन्या वासना राहतात.

८/ या अनुभवांचे शास्त्र केले ते एवाग्रियस पोंटिकस याने. जन्म सुमारे ३४५, काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रांतात. मोठमोठ्या धर्मपंडितांचा शिष्य, कॉन्स्टँटिनोपलमधला नामांकित वक्ता. तिथे तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला. पॅलाडियस सांगतो, की स्वप्नात त्याने स्वतःला कैदेत पाहिले, शहर सोडण्याची शपथ घेतली आणि जागे झाल्यावर ती पाळली.

९/ तो जेरुसलेमला गेला, पण तिथे मन पुन्हा डळमळले आणि तो दीर्घकाळ आजारी पडला. थोरली मेलानिया या मठस्थापिकेने त्याच्याकडून सारे वदवून घेतले आणि संन्यासाचे वचन घेतले. इ. स. ३८३ च्या सुमारास तो इजिप्तमध्ये आला. दोन वर्षे नित्रियाला आणि पुढची चौदा वर्षे केलियाच्या एकांत वस्तीत राहिला. पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरत असे.

१०/ केलियातल्या कुट्या एकमेकींपासून दूर होत्या. संन्यासी शनिवार-रविवारी चर्चमध्ये भेटत. उरलेले दिवस माणूस आणि त्याचे मन. या एकांतात एवाग्रियसने आठ दुर्विचार नोंदवले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, औदासीन्य, प्रतिष्ठेचा हव्यास आणि गर्व. ग्रीकमध्ये त्याने त्यांना ‘लोगिस्मोई’, म्हणजे ‘विचार’ म्हटले, ‘पापे’ नव्हे.

११/ हा फरक महत्त्वाचा आहे. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही. तो तिथे रेंगाळावा की नाही, हे मात्र त्याच्या हाती आहे, अशी एवाग्रियसची भूमिका. त्यामुळे मोह आला म्हणून कोणी अपराधी ठरत नाही. सोने वाईट नाही, सोन्याची कल्पना करणारे मनही वाईट नाही. दोष आहे तो स्वेच्छेने जवळ केलेल्या विकृत सुखाचा.

१२/ त्याची वर्णने आजही ओळखीची वाटतात. खादाडपणा मिष्टान्न दाखवत नाही. तो पोट, यकृत, प्लीहा बिघडेल आणि जवळ वैद्य नाही, याची धास्ती घालतो. धनलोभ लांबलेले म्हातारपण, थकलेले हात, येणारा दुष्काळ आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवतो. दोन्ही विचार शहाणपणाचा मुखवटा घालूनच येतात.

१३/ औदासीन्याला, ग्रीक ‘अकेडिया’ला, त्याने दुपारचे भूत म्हटले. दिवस ५० तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघतो, सूर्य किती कलला ते पाहतो, कोणी भेटायला येते का याची वाट बघतो. जागा नकोशी होते, काम नकोसे होते. गंमत म्हणजे ‘दुपारचे भूत’ हे नाव ग्रीक बायबलमधल्या त्याच स्तोत्रातून आले, ज्याचा आधार सैतानाने येशूपुढे घेतला होता!

१४/ सर्वांत चिवट शत्रू प्रतिष्ठेचा हव्यास. इतर मोह हरले की नेमका तोच बळावतो, कारण विजयाचा अभिमान हेच त्याचे खाद्य. संन्यासी कल्पनेत रोगी बरे करू लागतो, लोक त्याच्या झग्याला स्पर्श करायला धडपडतात, नको म्हणत असतानाही त्याला धर्मगुरू करायला ओढून नेतात. मग हा विचार त्याला गर्वाच्या किंवा खिन्नतेच्या हवाली करून निघून जातो. वालेन्सची वाट हीच होती.

१५/ उपाय काय? पहिला, निरीक्षण. कोणता विचार केव्हा येतो, कशाच्या मागून येतो, केव्हा ओसरतो, याची नोंद ठेवावी. दुसरा, प्रत्युत्तर. ‘अँटिऱ्हेटिकोस’ या ग्रंथात त्याने आठ विचारांसाठी आठ भागांत बायबलमधली जवळपास ५०० उत्तरे जमवली. अरण्यातल्या येशूचीच ही पद्धत. तिसरा, मोहाच्या काळात कुटी न सोडणे. चौथा, प्रार्थनेत देवाचे वा देवदूतांचे रूप पाहण्याची हाव न धरणे.

१६/ मराठी वाचकाला इथे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू आठवतील. दोन्ही याद्यांचा थेट संबंध मानण्याचे कारण नाही. पण एवाग्रियसचा भर नुसत्या शत्रूंच्या नावांवर नाही. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वेशात येतात, यावर आहे.

१७/ एकट्याचा विवेक मात्र पुरत नाही, हे जॉन कॅसियनने सांगितलेल्या हेरोनच्या कथेत दिसते. ५० वर्षे कडक तप केलेला हा म्हातारा सणाच्या जेवणालाही बांधवांत येत नसे. देवदूत समजून त्याने एकाचे ऐकले आणि आपल्या पुण्याईने इजा होणार नाही या विश्वासाने खोल विहिरीत उडी घेतली. अर्धमेला बाहेर काढला, तरी भ्रम सुटला नाही. तिसऱ्या दिवशी तो वारला.

१८/ म्हणून कॅसियनचा निष्कर्ष साधा आहे: मनात येईल ते अनुभवी वडीलधाऱ्यांपुढे उघड करावे. लपवलेला विचार बळावतो, बोललेला दुबळा होतो. मेलानियापुढे बोलल्यावरच एवाग्रियस सावरला होता. वालेन्सला बांधून ठेवणारे बांधव तरी होते. हेरोनने ते आधीच दूर केले होते.

१९/ एवाग्रियस ३९९ मध्ये वारला. पुढे ओरिजेनच्या मतांवरून वाद पेटला आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या काळात त्याच्या शिकवणीवरही पाखंडाचा ठपका आला. पण त्याचा प्रार्थनेवरचा ग्रंथ नीलुस या दुसऱ्या संताच्या नावावर टिकला; ‘अँटिऱ्हेटिकोस’ सिरियाक भाषांतरात उरला.

२०/ कॅसियनने त्याचे नाव न घेता आठ विचारांची यादी मार्सेयला नेली. तिथून ती पोप पहिला ग्रेगरी (कार्यकाळ ५९०–६०४) याच्यापर्यंत पोहोचली. त्याने गर्वाला सर्वांचे मूळ मानले, मत्सराची भर घातली, औदासीन्य खिन्नतेत मिसळले आणि आकडा सातवर आणला. युरोपची प्रसिद्ध ‘सात महापापे’ ती हीच.

२१/ या प्रवासात एक गोष्ट मात्र मागे पडली. एवाग्रियसची यादी ही स्वतःच्या मनावर पहारा ठेवणाऱ्याची टाचणे होती; पुढे ती दुसऱ्याचे पाप मोजण्याची फूटपट्टी झाली. केलियातल्या त्या नकलकाराने विचारलेला प्रश्न वेगळा होता: आत्ता मनात आलेला हा विचार कोण आहे आणि तो कुठून आला?

#इतिहासधागा #ख्रिस्तीधर्माचाइतिहास