तेलताडाच्या कोवळ्या बागेतील अवजारे

तेलताड म्हणजेच ऑइल पाम हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतील झाड. भारतात त्याची सर्वाधिक लागवड आंध्र प्रदेशात असून, ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने खाद्यतेल अभियानाला मंजुरी दिल्यानंतर तेलंगणातही तिला जोर आला. नारळाप्रमाणे याही झाडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला की झाड संपले. म्हणूनच पहिल्या तीन वर्षांत मजुराच्या हातात कोणते अवजार आहे, हा प्रश्न किरकोळ ठरत नाही.

९ मीटर अंतराच्या त्रिकोणी पद्धतीने हेक्टरी १४३ झाडे बसतात. पहिल्या वर्षी बुंध्याभोवती १ मीटर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ३ मीटर त्रिज्येचे आळे तणमुक्त ठेवावे लागते. कुदळीने हे काम झपाट्याने उरकते. पण अन्न शोषणारी मुळे वरच्या थरातच असल्याने तिचे घाव त्यांच्यावर बसतात. खुरपे वेळखाऊ खरे, तरी आळ्यात तेच योग्य. आळ्याबाहेरचे गवत विळ्याने कापले तरी पुरे.

खरे कौशल्य लागते ते फुलोरे काढताना. सुरुवातीचे नर व मादी फुलोरे काढले, की झाडाची शक्ती खोड आणि मुळांकडे वळते. त्यामुळे साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत हे काम दर महिन्याला करतात. अगदी कोवळा फुलोरा हाताने ओढला तरी निघतो. मात्र पानांच्या देठांना काटे असल्याने हातमोजे हवेतच. थोडा जून झालेल्या फुलोऱ्यासाठी लांब दांड्याची, अरुंद पात्याची छिन्नी उत्तम. ती पानाच्या बेचक्यात सरळ शिरते आणि रेटा देताच देठ तुटतो. कोयता घरोघरी असतो, म्हणून तोच वापरण्याचा मोह होतो. पण त्याचा घाव आडवा पडतो आणि शेजारचे हिरवे पानही जाते. या वयात छाटायची ती फक्त वाळलेली व रोगट पाने.

मलेशिया व इंडोनेशियात अशा छिन्नीला ‘दोदोस’ म्हणतात. पुढे ठेंगण्या झाडांचे घड काढण्यासाठी तिचेच रुंद पाते वापरतात. उंच झाडांसाठी लांब दांड्यावर विळ्यासारखे पाते बसवलेला ‘एग्रेक’ असतो. कोवळ्या बागेत त्याचे काम नाही.

कोकणातील नारळ बागायतदारांच्या परिचयाचा गेंड्या भुंगा तेलताडाच्याही शेंड्यात शिरतो. त्याला लोखंडी आकडीने ओढून काढतात. आकडी भुंग्याने पाडलेल्या भोकातूनच घालावी. कोंबाच्या दिशेने रेटू नये.