टेरॉन : शास्त्रीय नावांतील पंखवाचक ग्रीक घटक

‘टेरॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत पंख किंवा पीस. मूळ उच्चार ‘प्टेरॉन’. आरंभीचा ‘प’ इंग्रजीत लोपला, मात्र शब्दाच्या मध्ये तो टिकून आहे. ‘टेरिक्स’ हे त्याचेच जवळचे रूप. संस्कृत ‘पत्’ धातू आणि त्यापासून झालेले ‘पतत्र’, ‘पतंग’ हे शब्द त्याच कुळातले आहेत.

सोलापूर जिल्ह्यात या घटकाचे सर्वांत देखणे उदाहरण उजनी जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्याचे. लिनियसने १७५८ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘फीनिकॉप्टेरस’, म्हणजे किरमिजी पंखांचा, हे नाव दिले. उभा असताना हा पक्षी पांढरट-गुलाबी दिसतो. पंख उघडले की लाल-काळा रंग झळकतो. मराठीतले ‘अग्निपंख’ हे नावही तेच टिपते आणि ते अधिक सुंदर आहे. नान्नजच्या माळावरील पखुर्डीची प्रजाती ‘टेरोक्लीझ’, म्हणजे पंखांसाठी ख्यात.

कीटकांच्या गणांची नावे बहुतांशी ‘-प्टेरा’ने संपतात. ‘कोलिऑप्टेरा’ (म्यानपंखी, भुंगेरे) आणि ‘डिप्टेरा’ (दोनपंखी, माश्या व डास) हे शब्द ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले आहेत. ज्वारीचा कोंब आतून खाऊन पोंगेमर घडवणारी खोडमाशी डिप्टेरातली. तिच्या मागच्या पंखांच्या जोडीचे रूपांतर तोल सांभाळणाऱ्या गदेसारख्या बारीक अवयवांत झालेले असते. डाळिंब पोखरणारी अळी पुढे फुलपाखरू होते, म्हणून ती ‘लेपिडॉप्टेरा’त, म्हणजे खवलेपंखी गणात मोडते. बोटाला लागणारी फुलपाखराची भुकटी म्हणजे हेच खवले. ‘हायमेनॉप्टेरा’त पातळ पडद्याच्या पंखांच्या मधमाश्या व गांधीलमाश्या, तर ‘ऑर्थोप्टेरा’त सरळ पंखांचे नाकतोडे व टोळ येतात. पिसवांच्या ‘सायफोनॅप्टेरा’ या नावात नकारार्थी ‘अ’ दडला आहे: नळीसारखे तोंड असलेले पंखहीन कीटक.

वटवाघळांचा गण ‘कायरॉप्टेरा’, म्हणजे हातच पंख झालेले प्राणी. पंखासारखी कड असलेल्या शेंगेमुळे बिबळ्याची प्रजाती ‘टेरोकार्पस’ झाली. बुबुळावर त्रिकोणी पडदा वाढतो त्या नेत्रविकाराला ‘टेरिजियम’, म्हणजे छोटा पंख, म्हणतात. दीर्घकाळ उन्हात व धुळीत काम करणाऱ्यांत तो अधिक आढळतो.

‘हेलिकॉप्टर’ची खरी फोड ‘हेलिको’ (मळसूत्री) आणि ‘प्टर’ (पंख) अशी आहे. फ्रान्सच्या पाँताँ दामेकूर यांनी १८६१ मध्ये हा शब्द घडवला. पुढे ‘हेलि’पाशीच फोड करून ‘हेलिपॅड’सारखे शब्द रूढ झाले.