बॉम्बे टाइम : संगणकात न सापडणारं मुंबईचं घड्याळ

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला आपली वेळ सांगायची असेल तर एका लांबलचक यादीतून शहर निवडावं लागतं. आशियाच्या यादीत कराची आहे, ढाका आहे, काठमांडू आहे, कोलंबोही आहे. मुंबई नाही, दिल्लीही नाही. सबंध भारतासाठी एकच नाव आहे, ‘आशिया/कोलकाता’.

घाटकोपरच्या ज्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो, तिथल्या संगणक कक्षात जुन्या यंत्रांवर लिनक्स आहे. संगणक हा माझा विषय नाही, पण ऑफ तासाला वर्ग सांभाळायला मला तिथे पाठवतात. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, आपण मुंबईत राहतो. मग कोलकात्याची वेळ का लावायची?”

वेळ एकच आहे, नाव कुठलंही असलं तरी काय बिघडतं, असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण वेळ एकच आहे, हे वाक्य मुंबईच्या बाबतीत १९५५ पर्यंत खरं नव्हतं.

आधी यंत्राची बाजू पाहू. त्या संगणकांवर ‘एक्सक्लॉक’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये ‘एक्स विंडो’ या प्रणालीचं काम सुरू झालं, तिच्याच कुटुंबातला हा. त्याला मेनू नाही, सेटिंगचं बटण नाही. जे सांगायचं ते कमांड लाइनवर, म्हणजे काळ्या खिडकीत टाइप करून सांगायचं. नुसतं नाव लिहून एंटर दाबलं की पडद्यावर काट्यांची साधी तबकडी उघडते. नावापुढे ‘-डिजिटल’ लिहिलं तर काट्यांऐवजी आकडे दिसतात. तबकडीच ठेवून ‘-अपडेट १’ लिहिलं तर सेकंदकाटा फिरू लागतो. ‘-चाइम’ लिहिलं तर अर्ध्या तासाला एक आणि तासाला दोन ठोके पडतात. (लिहायचं अर्थात इंग्रजी अक्षरांत.)

वेळ कुठल्या गावची दाखवायची, हे मात्र एक्सक्लॉक स्वतः ठरवत नाही. ते ‘टीझेड’ नावाच्या एका खुणेवरून ठरतं. ही खूण प्रोग्रामच्या नावाआधी त्याच ओळीत लिहिता येते. त्या मुलीने तिथे ‘आशिया/मुंबई’ लिहून पाहिलं. यंत्राने चूक दाखवली नाही, तक्रारही केली नाही. घड्याळ मुकाट उघडलं आणि साडेपाच तास मागची वेळ दाखवू लागलं. यादीत नसलेलं नाव दिलं की लिनक्स ग्रीनिचची वेळ गृहीत धरतं. मुंबई मागितली आणि लंडनजवळची वेधशाळा मिळाली!

पण टीझेडला शहराचंच नाव द्यावं अशी सक्ती नाही. तीन अक्षरं आणि ग्रीनिचपासूनचा फरक दिला तरी चालतं. आम्ही ‘बीएमटी-४:५१’ असं लिहिलं. बीएमटी म्हणजे बॉम्बे मीन टाइम. ग्रीनिचच्या पूर्वेला असूनही वजा चिन्ह कसं, असं कुणालाही वाटेल. स्थानिक वेळेत किती मिळवलं की ग्रीनिचची वेळ येते, ते या पद्धतीत लिहायचं असतं. म्हणून पूर्वेकडच्या गावांना वजा आणि पश्चिमेकडच्या गावांना अधिक. मग दोन घड्याळं शेजारी उघडली, एक कोलकात्याच्या नावाचं आणि एक आमचं. पहिल्यात १२ वाजून ३९ मिनिटं झाली तेव्हा दुसऱ्यात बरोबर १२ वाजले.

ही ३९ मिनिटं आली कुठून? पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याला चाराने गुणलं की २९१ मिनिटं, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. ही सूर्याने मुंबईला दिलेली वेळ. भारताची प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांवर बेतलेली आहे, म्हणून ती ५ तास ३० मिनिटं. वजाबाकी केली की उरतात ती ३९ मिनिटं.

पूर्वी प्रत्येक शहराची वेळ अशी आपापल्या सूर्याची असे. तारायंत्र आणि रेल्वे आल्यावर ते चालेना. दहा शहरांच्या दहा वेळा धरून गाड्यांचं वेळापत्रक कसं छापणार? त्यामुळे रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांना हीच मद्रास टाइम लावली. शहरातून एवढा विरोध झाला की दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

दुसरी फेरी १९०६ ची. त्या वर्षी १ जानेवारीपासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. काळ लक्षात घ्या. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेही झाले नव्हते, स्वदेशीची हवा होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम थांबवून निषेध केला, दगडफेकही झाली. आज आपल्याला हे अतिरेकी वाटेल. पण गिरणीचा भोंगा घड्याळाने वाजतो आणि माणूस उजेडाने उठतो. घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं की भोंगा तेवढाच आधी वाजणार आणि थंडीच्या अंधारात तेवढंच आधी घराबाहेर पडावं लागणार. कोकणातला कामगार असो की मदनपुऱ्यातला मोमीन विणकर, त्याच्यासाठी हा प्रश्न झोपेचा आणि कष्टाचा होता.

सर फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या पुढाऱ्यांचा मुद्दा वेगळा होता. लोकांना विश्वासात न घेता सरकारने हे केलं, असा त्यांचा आक्षेप होता. महापालिकेने आपली घड्याळं बॉम्बे टाइमवरच ठेवली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर, महापालिका बॉम्बे टाइमवर, असा कारभार एकाच शहरात सुरू झाला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. एखादी वेळ सांगितली की ती कुठली, हेही सांगावं लागे. जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ छापलेलं दिसतं, ते या सवयीतूनच. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ १९४८ मध्ये सोडली, मुंबईने १९५५ मध्ये.

आम्हा उपनगरवाल्यांसाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९०६ मध्ये घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही महापालिकेच्या हद्दीबाहेरची गावं होती. शहराशी त्यांचा रोजचा संबंध रेल्वेमार्फत, आणि रेल्वे चालायची स्टँडर्ड टाइमवर. म्हणजे इथला माणूस गाडी पकडायचा एका वेळेवर आणि उतरल्यावर महापालिकेचं घड्याळ त्याला दुसरीच वेळ दाखवायचं. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये महापालिकेत आले. मुलुंड आणि बोरिवली आले १९५७ मध्ये, बॉम्बे टाइम संपून दोन वर्षं झाल्यावर.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येतं. जगातल्या वेळांची जी यादी बहुतेक संगणक आणि फोन वापरतात, ती १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली. पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. तिचा नियम असा की १९७० पासून ज्या प्रदेशातली घड्याळं सारखी चालली, त्यांना एकच नोंद पुरे, आणि तिला शक्यतो तिथल्या सर्वांत मोठ्या लोकवस्तीच्या शहराचं नाव द्यायचं. यादी बनली तेव्हा ते नाव कलकत्त्याचं पडलं. पुढे स्पेलिंग बदलून कोलकाता झालं, पण लोकसंख्येचे क्रम बदलले म्हणून रुळलेलं नाव बदलत नाहीत. मुंबईचं वेगळेपण १९५५ लाच संपलं होतं, १९७० च्या पंधरा वर्षं आधी. म्हणून यादीत मुंबई नाही. त्याच यंत्राला १९१० सालच्या मुंबईची वेळ विचारली तर ते बेधडक साडेपाच तास सांगेल. तेव्हाच्या महापालिकेच्या घड्याळाशी ते जुळणार नाही.

यादीतल्या जुन्या वेळांचं महत्त्व कुणाला, असं वाटेल. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातून घेतली, असा तिचा दावा होता. काही महिन्यांनी तो मागे घेतला गेला. कुंडली मांडणाऱ्याला जन्माच्या दिवशी त्या गावात कुठलं घड्याळ चालू होतं हे कळावंच लागतं; अर्ध्या तासाने लग्नरास बदलू शकते.

पण वेळेचा हा हिशेब फक्त ज्योतिषाचा नाही. मुंबईच्या कुठल्याही मशिदीत नमाजाच्या वेळांचा तक्ता बघा. जोहरचा वक्त जवालनंतर, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळल्यावर सुरू होतो. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या सुमारास. या सरासरीतली ३९ मिनिटं म्हणजे तीच बॉम्बे टाइमची ३९ मिनिटं. सरकारी कागदावरून ती गेली, मशिदीच्या तक्त्यात राहिली. अस्रसाठी सावलीची लांबी मोजतात. कोकणी मुसलमान शाफई असल्याने त्यांचा अस्र सावली एकपट झाली की सुरू होतो, हनफींचा दुप्पट झाल्यावर. तिथेही हिशेब इथल्याच सूर्याचा. बोरिवली आणि मुलुंडमध्ये जेमतेम २०-२५ सेकंदांचा फरक पडतो, म्हणून सगळ्या उपनगरांना एक तक्ता पुरतो. नागपूरचा जवाल मात्र मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी होतो. राज्य एक, प्रमाणवेळ एक, दुपार मात्र वेगळी.

याचा अर्थ प्रमाणवेळ वाईट, असा नाही. सव्वा नऊची लोकल तिच्याशिवाय धावणार नाही आणि दहावीचा पेपर राज्यभर एकाच वेळी सुरू होणार नाही. मुलांना एवढंच कळावं की प्रमाणवेळ हा माणसांनी केलेला ठराव आहे. तो सोयीचा आहे, पण तो कुणी केला, कुणाला विचारून केला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे विचारता येतं. १९०६ मध्ये मुंबईने ते विचारलं होतं. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ नावाने घड्याळ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवण्याची पद्धत आहे. तिथे उजाडतं लवकर, म्हणून.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आजी-आजोबांच्या जन्माची, निकाहची किंवा इंतकालची वेळ कुणी जुन्या वहीत किंवा कुरआन शरीफच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवली असेल, आणि ती १९०६ ते १९५५ मधल्या मुंबईची असेल, तर तिच्यापुढे कुठल्या टाइमची खूण आहे ते आधी बघा. खूण नसेल तर ३९ मिनिटांची शंका राहू द्या. नोंद सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधली असेल तर आणखी सावध राहा. महायुद्धामुळे त्या काळात प्रमाणवेळच एक तास पुढे, साडेसहा तासांवर नेलेली होती. हे ताडून बघायला संगणकावर दोन घड्याळं शेजारी उघडली तरी पुरे. एक ‘आशिया/कोलकाता’चं आणि एक ‘बीएमटी-४:५१’चं.