सहचर दीर्घिकांचे छायाचित्रण

मोठ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या व तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकेस सहचर दीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या सहचरांपैकी सर्वांत ठळक दोन मॅगेलन मेघ. पण ते दक्षिणेचे. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट सुमारे २१.४° उत्तर अक्षांशावर असल्याने मोठ्या मेघाचा मध्य (क्रांती –६९.८°) तेथे क्षितिजाखालीच राहतो. सिंधुदुर्गात तो जेमतेम चार अंश वर येतो आणि दमट हवेत हरवतो. त्यामुळे खानदेशातल्या छायाचित्रकाराने देवयानी दीर्घिकेच्या दोन सहचरांकडे, एम ३२ व एम ११० कडे वळावे. त्या सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहेत.

एम ३२ फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जांती याने १७४९ मध्ये नोंदवली. एम ११० मेस्येने १७७३ मध्ये पाहिली, तरी त्याच्या यादीतला (‘एम’) हा क्रमांक तिला १९६७ मध्येच मिळाला. आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये २० इंची दुर्बिणीतून काढलेल्या देवयानीच्या छायाचित्रात या दोन्ही दिसतात. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून या दीर्घिकांतले तारे सुटे दिसल्याचे वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. युद्धकाळातल्या दिवेबंदीचा त्यांना फायदाच झाला.

नोव्हेंबरच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास देवयानी कोरीटहून उत्तरेस सुमारे ७० अंश उंचीवर येते. भाद्रपदांच्या चौकोनापासून निघून तेथवर जावे. अंधार असेल तर तिचा पुसट डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. २०० मिमी भिंगाच्या चौकटीत तिघी सहज मावतात. मात्र नुसत्या ट्रायपॉडवर दीड-दोन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा उमटू लागतात, म्हणून आकाशाच्या गतीने फिरणारा ट्रॅकर हवा. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. येथे ध्रुव अवघा २१ अंशांवर असतो. उत्तरेला झाडे किंवा घरे आड येणार नाहीत अशी जागा दिवसाच हेरून ठेवावी. एक-दोन मिनिटांचे बरेच एक्सपोजर रॉ फाइलमध्ये घेऊन ते संगणकावर एकावर एक रचतात (स्टॅकिंग). एकूण तासाभराचा प्रकाश जमला तर चित्र उभे राहते. हिवाळ्यात भिंगावर दव धरते, ते मधूनमधून तपासावे.

एम ३२ देवयानीच्या केंद्राच्या दक्षिणेस सुमारे २४ कलांवर (६० कला = १ अंश), लहान पण घट्ट व तेजस्वी आहे. घाईतल्या चित्रात ती तारा म्हणून खपून जाते. एम ११० वायव्येस, पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोडी जास्त दूर. दोघींची प्रत जवळपास सारखी, सुमारे ८. पण एम ११० चा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरल्याने ती गावातल्या दिव्यांच्या उजेडात किंवा चांदण्यात प्रथम बुडते. म्हणून अमावास्येच्या आसपासचे दिवस धरावेत, आणि जमल्यास जिल्ह्यातल्याच तोरणमाळला, हजार मीटरहून अधिक उंचीवर, जावे. देवयानीचे चित्र चांगले की नाही हे सर्पिल भुजांवरून नव्हे, एम ११० वरून ठरवावे.